ग्वाल्हेरची थंडीतली दिव्यांची फेरी : गाईड कुठे घ्यावा, कुठे नको

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरातले हॉटेलवाले, टॅक्सीवाले आणि परवाना असलेले गाईड एक ठरलेली संध्याकाळ विकायला काढतात. गाडी, गाईड, साधारण चार तास. त्यात किल्ल्यावरचा ध्वनिप्रकाश खेळ, बैजाताल हा तलाव, महाराज बाडा या चौकातल्या उजळलेल्या इमारती आणि वर "व्यापार मेळाही दाखवून आणतो" हे तोंडी आश्वासन. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: किल्ला आणि बाडा यांसाठी गाईड जरूर घ्या, मेळ्यासाठी मुळीच नको, आणि हे तिन्ही एका संध्याकाळी उरकून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

कारण साधं आहे. किल्ल्यावर गाडी चढते ती उरवाई दरवाजाने, म्हणजे पश्चिमेकडून. मेळ्याचं मैदान शहराच्या दुसऱ्या अंगाला, रेसकोर्स रस्त्यावर, स्टेशनावरून गोला का मंदिरकडे जाताना. मध्ये लष्कर या शहराच्या भागातली संध्याकाळची गर्दी. तिन्ही ठिकाणं कोंबली की प्रत्येक जागी पोचायला उशीर होतो. दिव्यांच्या फेरीत वीस मिनिटांचा उशीर म्हणजे ती जागा गेलीच.

गोष्टी कुणीही सांगतो. या फेरीत गाईडचे पैसे वसूल होतात ते घड्याळात. डिसेंबरअखेर इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. भिंत, दिवा आणि आकाश तिन्ही एकाच फोटोत येतात ते तेवढ्याच वेळात. मग आकाश काळं होतं आणि किल्ल्यावरच्या मानमंदिर या महालाचे बुरूज हवेत टांगल्यासारखे दिसू लागतात. म्हणून चांगला गाईड तुम्हाला हॉटेलातून पावणेपाचलाच बाहेर काढतो. "साडेसहाचा शो आहे, सहाला निघू" असं कुणी म्हणाला, तर तो फक्त तिकीट काढून देणार आहे हे समजून घ्या.

उरवाईच्या चढावर खडकात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. १५व्या शतकातल्या, त्यातली आदिनाथांची सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फुटांची. त्या पाहायच्या तर चढतानाच, उजेड असताना. उतरताना अंधारात फक्त आकार दिसतात आणि अरुंद वळणावर गाडी थांबवता येत नाही. मोठ्या बस या रस्त्याने वर जात नाहीत, त्यामुळे मोठ्या गटाने छोट्या गाड्यांची सोय आधी विचारून ठेवावी. ग्वाल्हेर दरवाजाकडून, म्हणजे गुजरी महालाच्या बाजूने, चढण पायीच आहे आणि खडी आहे. तिथलं चतुर्भुज मंदिर आणि त्यातला इसवी सन ८७६ चा शून्य कोरलेला शिलालेख दिवसाच पाहावा. त्याला "जगातलं पहिलं शून्य" म्हणणारे गाईड बरेच आहेत. कंबोडियात याहून जुना कोरीव शून्य सापडला आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या, तारीख पक्की असलेल्या कोरीव शून्यांपैकी एक, एवढं म्हटलं तरी त्याचा मान कमी होत नाही.

वर पोचल्यावर उभं कुठे राहायचं, हे दुसरं कौशल्य. मानमंदिर पूर्वेच्या कड्यावर आहे. तिथून खाली दिसतं ते जुनं ग्वाल्हेर आणि हजिऱ्याकडची वस्ती. लष्करचे दिवे बघायचे तर दक्षिणेच्या अंगाला जावं लागतं. बहुतेक पाहुणे मानमंदिरासमोरच रेंगाळतात आणि शहर काही दिसलं नाही म्हणून कुरकुरतात. आधी दक्षिणेकडून सूर्यास्त, मग गाडीने मानमंदिर, असा क्रम लावणारा गाईड धरावा.

मानमंदिर राजा मानसिंह तोमराचं (राज्यकाळ १४८६ ते १५१६). त्याच्या भिंतीवरच्या चकाकत्या फरशांमध्ये केळी, हत्ती, बदकं आहेत, आणि त्यातला निळा रंग हीच या वास्तूची ओळख. प्रकाशखेळात मात्र भिंतीवर रंगीत झोत फिरतात आणि तिथे या निळ्याचा घात होतो. निळी फरशी लाल प्रकाश गिळून टाकते, परत काही पाठवत नाही, म्हणून लाल झोतात ती चक्क काळी दिसते. पांढरा किंवा किंचित पिवळसर उजेड असेल तेव्हाच नक्षी उठते. तेव्हा फरशांचे फोटो खेळ सुरू होण्याआधी काढून घ्या. खेळ चालू झाल्यावर फोन खिशात. आतली दालनं सूर्यास्ताला बंद होतात. ती पाहायची असतील तर चारलाच वर पोचावं लागेल.

खेळाबद्दल. हिवाळ्यात हिंदी खेळ साधारण साडेसहाला आणि त्यानंतर इंग्रजी. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून गाईडने त्याच दिवशी दुपारी खात्री करून घ्यायला हवी. पाऊण तासाचा कार्यक्रम आहे, निवेदन अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. ध्वनी उत्तम. प्रकाश जुन्या पद्धतीचा: दिवे लागतात, विझतात, रंग बदलतात. हल्लीची भिंतीवर चित्रं हलवणारी प्रक्षेपणं पाहून आलेल्या मुलांना हा प्रकार संथ वाटेल. इतिहासाची आवड असलेल्यांना हिंदी खेळ पुरेसा आहे, दोन्ही बघायची गरज नाही. गाईडला एक गोष्ट आधीच सांगा: सूरजसेन आणि ग्वालिपा ऋषी, मानसिंह आणि मृगनयनी या कथा खेळात येतातच, त्या वाटेत सांगून टाकू नका. त्याऐवजी फरशा, पाण्याची टाकी, दरवाजांची रचना यावर बोला. यावर किती बोलता येतं, त्यावरून गाईडचा वकूब कळतो.

बसायला उघड्यावरच्या पायऱ्या आहेत आणि थंडीत त्या अंगातली ऊब ओढून घेतात. घडी केलेली चादर किंवा जाड पिशवी खाली घ्या. किल्ला शहरापेक्षा सुमारे १०० मीटर उंच आहे, वर वारा मोकळा असतो. शीतलहरीत पारा ५ अंशांच्या खाली जातो तेव्हा स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी हवीच. पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे इथेच हमखास फसतात.

धुक्याचा हिशेब वेगळा. निरभ्र आकाश, वारा पडलेला आणि जमिनीत ओल, म्हणजे एक-दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला असला, की रात्री दाट धुकं उतरतं. बहुधा ते उशिरा रात्री आणि पहाटे असतं, त्यामुळे संध्याकाळचा खेळ सहसा वाचतो. पण दिवसभर ऊनच पडलं नसेल, तर साडेसहालाही भिंत दिसत नाही, झोत तेवढे हवेत दिसतात. अशा दिवशी किल्ला रद्द करून थेट बाड्यावर जाणं शहाणपणाचं. सौदा ठरवतानाच "धुकं असेल तर क्रम बदलायचा" हे कबूल करून घ्या, नाहीतर गाडीवाला जादा पैसे मागतो.

खेळ सुटल्यावर सगळे धावत गाडीकडे जातात. तसं न करता गुरुद्वारा दाता बंदी छोडला अर्धा तास द्या. या शहरात दिव्यांचा खरा संबंध जुळतो तो इथे. जहांगीराने गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. शीख परंपरा सांगते, की सुटकेच्या वेळी त्यांनी ५२ राजांनाही सोबत सोडवून नेलं, प्रत्येकाने त्यांच्या अंगरख्याचं एकेक टोक धरलं होतं. शीख समाज दिवाळीत बंदी छोड दिवस पाळतो तो या सुटकेचा. दिवाळीची रोषणाई पाहायची असेल तर तेव्हा या, एरवीही पांढऱ्या संगमरवरावरचा साधा उजेड डोळ्यांना बरा वाटतो. डोकं झाकावं लागतं, आणि पाय धुवायच्या पाण्याचा गारठा मस्तकापर्यंत जातो. लंगरात गरम जेवण मिळतं, त्यामुळे रात्रीच्या जेवणाची चिंताही मिटते. घाईतले गाईड ही जागा गाळतात. तसं करू देऊ नका.

रात्री किल्ल्यावर रिकामी रिक्षा मिळत नाही आणि ॲपवरच्या टॅक्सी वर यायला कुरकुरतात. म्हणून गाडी थांबवूनच ठेवायची. अंधारात पायी उतरू नये. रस्ता अरुंद, गाड्या चालू आणि मधले काही टप्पे काळोखाचे.

उतरून लष्करकडे येताना फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि मोतीमहालाच्या बाजूला बैजाताल लागतो. बैजाबाई शिंद्यांच्या नावाचा हा तलाव दिवसा सामान्य वाटतो. रात्री काठावरचे दिवे पाण्यात उतरतात आणि चित्र पालटतं. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

महाराज बाडा हा फेरीचा दुसरा जड भाग. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली आणि त्यातून लष्कर वाढलं. बाड्याभोवतीच्या टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट, स्टेट बँक अशा इमारतींबद्दल "सात इमारती, सात शैली" हे वाक्य प्रत्येक गाईड बोलतो. बोलू द्या, पण त्याला प्रत्येक शैली समोर उभं राहून दाखवायला लावा: कमान कुठली, खांब कुठला, सज्जा कुठला. रात्रीचे दिवे खालून वर मारलेले असल्याने कोरीव कामाच्या सावल्या उलट पडतात आणि दिवसा न दिसणारे बारकावे उठून दिसतात. व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये आगीत जळलं होतं, नंतर पुन्हा उभं राहिलं. जुना आणि नवा दगड उजेडात ओळखता येतो का, हा खेळ मुलांना आवडतो.

बाड्यावर आठ ते नऊ या वेळात फेरीवाले, ई-रिक्षा आणि भोंगे यांत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. नऊनंतर दुकानं आवरू लागतात तेव्हा या, पण फार उशीरही नको, रोषणाई कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. गाडी लांब लावून शेवटचा टप्पा ई-रिक्षाने करावा. तिथून सराफ्यात चालत जाऊन जुन्या घरांचे दगडी कोरीव सज्जे बघा. इथे लष्करातल्या मराठी घरातला गाईड असला की फरक पडतो. फाळके, पाटणकर, शितोळे, आंग्रे ही शिंद्यांच्या सरदारांची नावं त्याला इतिहासाच्या पुस्तकातली नसतात, कुणाचा वाडा कुठे होता आणि आता तिथे काय आहे हे तो गल्लीसकट सांगतो. खायला गरम मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) आणि नया बाजारात बहादुराचे लाडू. गजक (तीळगुळाची खुसखुशीत मिठाई) घ्यायची तर या थंडीतच. तोडल्यावर थर सुटे झाले पाहिजेत, दाताला चिकटली तर ती जुनी किंवा दमट. घरी नेल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मेळा वेगळ्या संध्याकाळी. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा व्यापार मेळा. उद्घाटन डिसेंबरअखेर झालं तरी दुकानं भरायला जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडतो. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांना अर्धी मोकळी दुकानं दिसतात आणि ते निराश होतात. झूला सेक्टर, म्हणजे पाळण्यांचा भाग, सात ते नऊ रंगात असतो. आकाशपाळण्यांच्या एलईडी दिव्यांचे फोटो पट्टेदार येतात, कारण ते दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. फोनमध्ये शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा, पट्टे बरेच कमी होतात. कडाक्याच्या थंडीत सॉफ्टी खाणं आणि ताटाएवढा पापड हातात धरून फिरणं हा इथला रिवाज. त्यात गाईडला सांगण्यासारखं काही नाही आणि गर्दीत तो तुमच्या दोन पावलं पुढे तरी असतो किंवा हरवतो तरी. भेटायची जागा घरच्यांनी आपसांत ठरवून ठेवावी. फोनला तिथे बऱ्याचदा रेंज मिळत नाही.

डिसेंबरच्या मध्याला तानसेन समारोह हा संगीत महोत्सव असतो (सुरुवात १९२४), हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीच्या आवारात. प्रवेश मोफत, गाईड अनावश्यक. तिथल्याच सूफी संत मुहम्मद घौसच्या मकबऱ्याच्या जाळ्या रंगमंचाच्या उजेडात सुरेख दिसतात. समारोहाची सुरुवात सकाळी ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. मराठी माणसाने ती चुकवू नये. त्या आठवड्यात खोल्या आधी राखून ठेवा. शिंद्यांच्या जयविलास महालातली झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टनांची, दिव्यांच्या फेरीत बसत नाहीत. संग्रहालय संध्याकाळी बंद होतं, ती दुपारी वेगळी पाहावीत.

ठरवताना या गोष्टी तोंडी नकोत, फोनवर लिहून घ्या: दर गटाला की माणशी, गाडी थांबण्याचे पैसे आत की बाहेर, तिकिटं कुणाची, आणि दुकानात नेणार नाही. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. परतीच्या वाटेवर "फक्त बघायला" म्हणून चंदेरी साड्यांच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात थांबवायची सवय बऱ्याच जणांना आहे. तिथे त्यांचं कमिशन असतं आणि तुमच्या संध्याकाळचा पाऊण तास जातो. पर्यटन खात्याचं ओळखपत्र दाखवायला सांगायला संकोच करू नका, खरा गाईड ते गळ्यातच घालून येतो. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि उरलेली बाड्यावरची चक्कर संपल्यावर.