मांसाचं राज्य की नरकातल्या गायी?

खानापूरच्या भाच्यानं विचारलं, "मामा, किंगडम ऑफ लोदिंग खेळू की वेस्ट ऑफ लोदिंग घेऊ?" दोन्ही विनोदी कंप्युटर गेम, एकाच कंपनीचे, दोन्हींत माणसं काड्यांनी काढल्यासारखी. पण शत्रू वेगळे.

पहिला 2003 चा, ब्राउझरमध्ये चालणारा, फुकट. चलन काय, तर मांस! इथला हायकू डंजन (डंजन म्हणजे शत्रूंनी भरलेलं तळघर) मला फार आवडतो. तिथं शत्रूशी झुंज होते ती हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या जपानी कवितेत. आपल्याकडे हायकू रुजवला कवयित्री शिरीष पै यांनी. तो असा मारामारीच्या वेळी कामाला येईल असं कुणाला वाटलं असतं? विनोद मात्र सगळा इंग्रजी शब्दांवर उभा. शिवाय गप्पांच्या खोलीत (चॅटमध्ये) शिरण्याआधी शुद्धलेखनाची परीक्षा. आमच्या मराठी शाळेतल्या गुरुजींना हे कळलं तर खूश होतील.

दुसरा 2017 चा, विकत घ्यावा लागतो. काउबॉयच्या मुलखात नरकातून आलेल्या गायी अंगावर येतात. एकट्यानं खेळायचा, त्यामुळे रोजच्या फेऱ्यांची मर्यादा नाही. पहिल्यात ती आहे. चालता चालता दिसणाऱ्या गोष्टींवरूनही हसू येतं, म्हणून इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी निभतं. वाचायला मात्र इथंही भरपूर आहे.

खिसा रिकामा, जुना कंप्युटर, रोज अर्धा तास आणि शब्दांची खोड असेल, तर पहिला. सुट्टीत सलग बसून गोष्ट संपवायची असेल, तर गायींकडे जा. भाच्याला मी पहिलाच सांगितला. इंग्रजीचा पेपर तोंडावर आहे की त्याचा.