जवळजवळ नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यावी की शोरूममधली कोरी? सोलापूरच्या ग्राहकासाठी तुलनात्मक आढावा

बारा ते सोळा लाखांची तयारी ठेवून इलेक्ट्रिक एसयूव्ही शोधणाऱ्या सोलापूरकरापुढे आज दोन रस्ते आहेत. एक, शोरूममधून कोरी गाडी घेणे. दुसरा, कोणीतरी वर्ष-दीड वर्ष वापरून विकायला काढलेली, दहा-पंधरा हजार किलोमीटर चाललेली गाडी तीन-चार लाख कमी देऊन घेणे. पेट्रोल गाडीच्या बाबतीत हा निर्णय इंजिनाचा आवाज ऐकून, सर्व्हिसची नोंद पाहून आणि ओळखीच्या मेकॅनिकला विचारून घेता येतो. इलेक्ट्रिक गाडीत मात्र किमतीचा मोठा वाटा बॅटरीत असतो आणि ती बाहेरून पाहून काहीच कळत नाही. त्यामुळे किंमत किती कमी झाली हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर किती उरते, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक गाडीगणिक वेगळे आहे.

हमी: गाडीबरोबर येणारी आणि मालकाबरोबर संपणारी

टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४०.५ किलोवॅट-तास (म्हणजे विजेची तितकीच युनिट) क्षमतेच्या आवृत्तीला किंवा महिंद्रा एक्सयूव्ही ४०० ला बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत मिळालेली आहे. ही मुदत पहिल्या खरेदीपासून मोजली जाते. म्हणजे दीड वर्षाची गाडी घेतली तर साडेसहा वर्षे उरतात. जितका काळ गेला तितकीच हमी गेली, त्याहून अधिक काही गमवावे लागत नाही.

नंतरच्या गाड्यांचे गणित निराळे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरला बॅटरीची आजीवन हमी आहे, परंतु ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली गेली की ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरवर येते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांनाही पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन हमी आहे आणि दुसऱ्या मालकासाठी १० वर्षे किंवा २,००,००० किलोमीटरची मर्यादा आहे. टाटानेही २०२५ मध्ये ४५ किलोवॅट-तासाच्या नेक्सॉनसाठी आजीवन हमी जाहीर केली, तीसुद्धा पहिला मालक डोळ्यांसमोर ठेवूनच.

याचा व्यवहारातला अर्थ असा की आजीवन हमीची गाडी सहा महिन्यांची असली तरी नावावर होताच तिच्या किमतीतला एक भाग नाहीसा होतो. विक्रेता मात्र जाहिरातीत ‘लाइफटाइम वॉरंटी’ असे लिहून त्या नाहीशा झालेल्या भागाचेही पैसे मागतो. आपल्याकडे मध्यमवर्गीय कुटुंब एकदा घेतलेली गाडी दहा-बारा वर्षे ठेवते, म्हणून हा फरक कागदावरचा मानता येत नाही. विंडसरसारखी गाडी जुनी घ्यायची असेल तर कोऱ्या गाडीच्या आजच्या ऑन-रोड किमतीपेक्षा ती निदान २५ टक्के स्वस्त मिळायला हवी, ४०.५ च्या नेक्सॉनसाठी २० टक्क्यांवरही मी विचार करीन. ही माझी स्वतःची मोजपट्टी आहे, बाजाराचा नियम नव्हे. विंडसरबाबत आणखी एक चौकशी आवश्यक आहे: ती गाडी बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत घेतलेली असेल, तर त्या कराराची बाकी फिटल्याचे पत्र हाती आल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.

किंमत कशाच्या तुलनेत कमी?

टाटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीच्या किमती १.२ लाखांपर्यंत उतरवल्या आणि त्याच वर्षी सणासुदीला ही सवलत ३ लाखांपर्यंत गेली. ज्याने त्याआधी गाडी घेतली त्याच्या मनात स्वतः मोजलेली रक्कम असते आणि तो त्यातून घट काढून भाव सांगतो. घेणाऱ्याने मात्र शोरूममध्ये जाऊन आजचे लेखी कोटेशन घ्यावे, त्यात सवलत आणि एक्स्चेंज बोनस धरावा आणि तिथून खाली मोजायला सुरुवात करावी. असे केल्यावर चार लाखांचा फायदा अनेकदा दोन लाखांवर येतो.

कर्ज काढायचे असेल तर हा फायदा आणखी आटतो. उदाहरणादाखल, १० लाखांचे पाच वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतल्यास हप्ता सुमारे २०,७६० रुपये येतो आणि वापरलेल्या गाडीला १३ टक्के लागले तर सुमारे २२,७५० रुपये. पाच वर्षांत हा फरक जवळजवळ १ लाख २० हजारांचा होतो. रोख पैसे असणाऱ्यासाठी जुनी गाडी जितकी लाभाची आहे, तितकी कर्ज काढणाऱ्यासाठी नाही. दुसरीकडे, कोरी गाडी घेणाऱ्याला पहिल्या दोन वर्षांची मोठी घट सोसावी लागते. विमा कंपन्यांच्या प्रचलित कोष्टकातही सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीवर १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के घसारा धरला जातो. ज्यांना तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय आहे, त्यांनी कोरी घेऊ नये असेच मी सांगेन.

कराबद्दल एक गैरसमज येथे दूर करणे योग्य. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीवर १८ टक्के कर लागतो, हे खरे. पण तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकली तर तो लागतच नाही. कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी ५ टक्के आहे.

सोलापूरच्या अंतरांना किती बॅटरी पुरते?

अक्कलकोट सुमारे ४०, तुळजापूर ४५, पंढरपूर ७५ किलोमीटर. ही सगळी ठिकाणे ३० किलोवॅट-तासाची लहान बॅटरीसुद्धा घरच्या एका चार्जिंगवर जाऊन-येऊन पूर्ण करते. खरी कसोटी पुण्याची आहे. एसी लावून, महामार्गावर नव्वद-शंभरच्या वेगाने या वर्गातली एसयूव्ही एका युनिटला साधारण सहा-साडेसहा किलोमीटर जाते, असे धरले तर ४०.५ ची बॅटरी दहा टक्के राखून सुमारे २३० किलोमीटर देते आणि ४५ ची सुमारे २५५. सोलापूर-पुणे अंतर २५० च्या आसपास आहे. म्हणजे मोठ्या बॅटरीतही न थांबता पुणे गाठण्याचा भरवसा धरू नये आणि ४०.५ मध्ये एक थांबा ठरलेलाच आहे. येथे ४५ ची बॅटरी असलेल्या नव्या गाडीची बाजू थोडी वरचढ ठरते, कारण वेगवान चार्जरवर १० ते ८० टक्के होण्यास कंपनी ४०.५ साठी ५६ मिनिटे सांगते, तर ४५ साठी ४० मिनिटे. घरातली मंडळी बरोबर असतील तर टेंभुर्णी-इंदापूरच्या दरम्यान चहा-नाश्त्याला तेवढा वेळ तसाही जातो. महिन्यातून चार वेळा एकट्याने धावपळ करणाऱ्याला मात्र तो फरक जाणवेल.

अनेकांपुढची प्रत्यक्ष निवड जुनी नेक्सॉन की नवी नेक्सॉन अशी नसतेच; तेवढ्याच पैशांत जुनी नेक्सॉन की टाटाचीच लहान, कोरी पंच ईव्ही, अशी असते. ३५ ची बॅटरी असलेली पंच वरच्याच हिशेबाने दोनशेच्या आसपास जाते. पुण्याला थांबा दोन्हींना लागणार असल्यामुळे रेंज हा निर्णायक मुद्दा उरत नाही. मागच्या सीटवर वयस्कर आई-वडील आणि मुले नेहमी बसणार असतील तर ऐसपैस जागेसाठी जुनी नेक्सॉन घ्यावी. गाडी मुख्यतः जुळे सोलापूर ते बाजारपेठ अशी शहरातच फिरणार असेल तर कोरी पंच अधिक शहाणपणाची. वैशिष्ट्ये, पडद्याचा आकार, सनरूफ यांवर फार वेळ घालवू नये.

वापरलेली गाडी कशी तपासावी

जुन्या गाडीच्या बाजूने झुकलेल्या वाचकाने सर्वाधिक मेहनत येथे घ्यावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागावाच, पण त्यासोबत स्वतः करता येण्यासारखी एक साधी चाचणीही आहे. गाडी २० टक्क्यांवर आणून सार्वजनिक वेगवान चार्जरला लावावी आणि ८० टक्के झाल्यावर चार्जरच्या पडद्यावरचे युनिट वाचावेत. ४०.५ च्या बॅटरीत हा आकडा २४ च्या जवळ यायला हवा. घरी करायचे असेल तर इतर सर्व उपकरणे बंद ठेवून मीटरचे आकडे टिपावेत. २० पासून १०० टक्क्यांपर्यंत, चार्जिंगमधली गळती धरून, ३५-३६ युनिट लागतात. आकडा ३२ च्या खाली राहिला तर बॅटरीची क्षमता नोंदवल्यापेक्षा कमी झाली आहे असे समजून पुढची चौकशी करावी. टाटाच्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या आहेत. त्यांचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेल्या गाडीचा टक्क्यांचा आकडा चुकू शकतो. चाचणीच्या आधी एकदा १०० टक्के चार्ज करून घेतल्यास निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो.

दुसरी तपासणी पाण्याची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने मोहोळ, माढा आणि उत्तर-दक्षिण सोलापूरच्या गावांत पाणी शिरले होते, हे आपण विसरलेलो नाही. बॅटरी आयपी-६७ दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी असली तरी पुरात रात्रभर उभी राहिलेली गाडी ही वेगळी गोष्ट आहे आणि बॅटरी वाचली तरी वायरिंगचे जोड गंजतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा; एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर चढले होते. डिकीतल्या गालिच्याखाली हात घालून पाहावा आणि सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज टॉर्चने पाहावा. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळावरचे ओरखडेही पाहावेत, कारण मार लागल्याची खूण असेल तर पुढे हमीचा दावा अडू शकतो.

गाडी कोठे राहिली हेही विचारावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ अंशांपर्यंत जातो आणि पूर्ण चार्ज केलेली गाडी रोज उघड्या उन्हात उभी राहणे बॅटरीला मानवत नाही. या दृष्टीने पुण्याची गाडी बरी वाटते, पण पुण्यात ज्यांच्या सोसायटीत चार्जिंगची सोय नव्हती त्यांनी गाडी सतत वेगवान चार्जरवरच चालवलेली असू शकते. सोलापुरात घराच्या पोर्चमध्ये उभी राहून रात्री सावकाश चार्ज झालेली एमएच १३ ची गाडी मला त्याहून अधिक पसंत पडेल. हिरव्या नंबरपाटीवर पांढरी अक्षरे असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. पूर्वी भाड्याने फिरलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

घरची वीज

हा खर्च दोन्ही पर्यायांना सारखाच आहे, एक अपवाद सोडून. कोऱ्या गाडीबरोबर अनेकदा भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर आणि तो बसवण्याची सोय मिळते. जुन्या गाडीचा तो चार्जर आधीच्या मालकाच्या भिंतीवर राहतो. तो काढून देणार की नाही, हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावे. तो बसवण्यापूर्वी घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवल्यास सुमारे १७० युनिट वाढतात आणि दोनशे युनिटचे घर घरगुती दराच्या ३०० च्या वरच्या महागड्या टप्प्यात जाते. महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्गवारी आहे, तिची चौकशी अवश्य करावी.

अर्थिंगकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो आणि चार्जर दोष दाखवून बंद पडतो. गाडी खराब निघाली असे वाटून लोक विक्रेत्याशी भांडतात. खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडले तर हा प्रश्न बहुधा सुटतो. पूर्व भागातल्या दाटीवाटीच्या पेठांत, जिथे गाडी गल्लीत उभी राहते आणि घरातून वायर ओढण्याची सोय नाही, तिथल्या रहिवाशांनी नवी-जुनी हा विचार करण्याआधी चार्जिंगची जागा नक्की करावी. ती होत नसेल तर दोन्हींपैकी कोणतीच गाडी आज घेऊ नये.

कागदपत्रे

राज्यातलीच गाडी असेल तर नंबर तोच राहतो आणि फॉर्म २९ व ३० वर नाव बदलते. कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. कलबुर्गी, विजयपूर किंवा हैदराबादची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी आणि येथे नवी नोंदणी लागते. त्या खटपटीसाठी किमान पन्नास हजारांचा जास्तीचा फरक मिळत नसेल तर ती वाट धरू नये. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) विक्रेत्याचा असल्यामुळे तो हप्ता मोजताना धरू नये. मोबाइल ॲपवरचे आधीच्या मालकाचे खातेही समोर बसूनच काढून टाकायला लावावे. टोकन देताना कागदावर एवढे लिहून घ्यावे की बॅटरीच्या अहवालात किंवा चार्जिंगच्या चाचणीत कमतरता आढळल्यास ती रक्कम परत मिळेल. यावर सही करायला विक्रेता तयार नसेल तर शोरूमचे कोटेशन आपल्या हातात आहेच.