वर्धेकडची तीन ग्राउंडं, एक रविवार

रविवारी दोस्तासंग गाडीवर तीन गावची क्रिकेटची ग्राउंडं पालथी घातली. पहिलं म्हणजे पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटलेलं वावर, काळ्या मातीले भेगा एवढ्या की टप्पा पडल्यावर बॉल कुठं जाईन देवालेच माहीत, बॅटिंगवाला बिचारा फुकट बदनाम. दुसरं शाळेमागचं, पिचवर मॅट हाय, 5 पैकी 4 मार्क, एक कापला कारण सावली नाई न पाण्याची टाकी कोरडी. पण बाहेरच्या ठेल्यावरचा तर्री पोहा, बाप रे, दुसऱ्या घासालेच नाकातून पाणी! तिसऱ्यावर बॉल गव्हात गेला की 2 रन डिक्लेअर, त्यावरच अर्धा तास भांडण. भारताकडून खेळलेला आपला फास्ट बॉलर उमेश यादव नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीकडं असाच टेनिस बॉल खेळत मोठा झाला ना भाऊ. आम्ही निघालो तवा अंपायर अजून गव्हात बॉल शोधत होता.