पावडर तोलायचा काटा: एफएक्स-१२०आय घ्यावा का, आणि कोणी

घरी काडतुसं भरताना जिवावर बेतेल अशी चूक मुख्यतः दोन जागी होते. एक, भलत्याच डब्यातली पावडर, म्हणजे बारूद, घेणं. दुसरी, वजन चुकणं. पहिलीवर उपाय सोपा आहे: टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा. दुसरीसाठी काटा लागतो, आणि कोणता काटा घ्यावा याबद्दल नव्या माणसाला मिळणारे बरेचसे सल्ले डिस्प्लेवरच्या आकड्यांभोवतीच फिरतात. ए अँड डी या जपानी कंपनीचा एफएक्स-१२०आय मी बरीच वर्षं वापरते आहे. त्याआधी दोन काटे वापरले. त्या तिघांविषयी हे लिहिते आहे.

मी मिनेसोटात राहते. ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या रायफलने ६०० आणि १००० यार्डांवर एफ-क्लास, म्हणजे रायफल टेकवून झोपून खेळायची लांब पल्ल्याची नेमबाजी, खेळते आणि माझी काडतुसं मीच भरते. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ज्या ५० मीटर रायफलमध्ये खेळले, तिथे तसाही हा प्रश्न येत नाही. ते .२२ रिमफायर काडतूस असतं आणि ते पुन्हा भरत नाहीत. तिथे कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून आपल्या बंदुकीला मानवणारा लॉट निवडतात.

पावडर ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. माझे वडील, अण्णा, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारकाम करायचे, त्यामुळे हे माप मला परकं वाटलं नाही. आपला तोळा इंग्रजांच्या काळात १८० ग्रेनांवरच ठरवला गेला. ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज दोन ग्रेनांहून थोडी कमी भरते. माझ्या कामात ०.१ ग्रेनचा फरकसुद्धा मोठा, म्हणजे गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग. हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णांनी काट्याची किंमत विचारली नाही. "तपासायची वजनं कुठली ठेवलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. काटा निवडणाऱ्या प्रत्येकाने आधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

एवढ्या बारकाव्याची गरज का, ते आधी सांगते. माझ्या काडतुसात ०.१ ग्रेन पावडर कमी-जास्त झाली की गोळीचा वेग साधारण पाच-सहा फूट प्रतिसेकंदाने बदलतो. काट्यावर 'अचूकता ±०.१ ग्रेन' असं लिहिलेलं असेल, तर दोन काडतुसांत ०.२ ग्रेनचा फरक पडू शकतो आणि तरीही काटा दिलेल्या शब्दाला जागलेला असतो. हजार यार्डांवर त्याचा अर्थ उभ्या रेषेत दोन-अडीच इंच. एफ-क्लासच्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं आणि आतलं एक्स ५ इंचांचं. वारा, बॅरल आणि मी स्वतः, असे तिघे त्या दहा इंचांत आधीच आपापला वाटा मागत असतात. काट्याला मी तिथे जागा देत नाही. शंभर-दोनशे यार्डांवर शिकार करणाऱ्याला मात्र हे दोन इंच कधी दिसणारच नाहीत, आणि त्याने माझ्याएवढा खर्च करायचं कारण नाही.

माझा पहिला काटा आरसीबीएस कंपनीचा ५०५, दांडीचा, ओहाउस कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेला जुना. एका म्हाताऱ्या नेमबाजाने हा छंद आवरताना विकला, मी घेतला. दांडीवर सरकती वजनं, टोकाला सुई, आणि दांडी लवकर स्थिरावी म्हणून चुंबक. ५११ ग्रेनपर्यंत तोलतो. वीज लागत नाही, तापायला वेळ लागत नाही. पारड्यात ट्रिकलरने, म्हणजे दाणे हळूहळू सोडणाऱ्या नळीने, एकेक दाणा सोडावा, तशी दांडी हलताना डोळ्यांना दिसते. सुरीच्या धारेसारखी टेकणी स्वच्छ ठेवली आणि डोळा सुईच्या पातळीत आणला, तर ०.१ ग्रेनच्या आतला फरकही कळतो. त्याचा तोटा एकच, तो संथ आहे. मोठ्या स्पर्धेआधी शेकड्याने काडतुसं भरायची तर रात्र सरते.

म्हणून दुसरा घेतला, खिशात मावेल एवढा स्वस्त डिजिटल. कंपनीचं नाव देत नाही, कारण असे डझनभर काटे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि आतून बहुधा एकाच जातीचे असतात. डिस्प्लेवर ०.०२ ग्रेनपर्यंत आकडा दिसायचा. पण पारड्यात दाणे सोडत गेलं की आकडा ढिम्म. आणखी चार दाणे, तरी ढिम्म. पारडं उचलून परत ठेवलं की आकडा एकदम ०.२ ने पुढे. शिवाय अर्ध्या तासात शून्य आपोआप सरकायचं. वेगासाठी घेतलेला काटा, आणि प्रत्येक वजन पारडं उचलून पुन्हा बघावं लागायचं.

यात त्या एका यंत्राचा दोष कमी आणि जातीचा जास्त आहे. अशा काट्यात धातूची एक छोटी पट्टी असते. वजनाने ती किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युत रोध बदलतो. तो बदल मोजून आकडा दाखवतात. पट्टी तापमानाने बदलते, भाराखाली हळूहळू सैलावतेही. हे सरकणं झाकायला आतल्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय असते की संथ, बारीक बदल म्हणजे खोटा बदल, तो दाखवायचा नाही. पावडरचे दाणे तर संथ आणि बारीकच पडतात! व्हारगेटसारख्या लांबट दाण्याच्या पावडरचा एक दाणा ०.०२ ग्रेनच्या आसपास भरतो. काटा त्यालाच कचरा समजून गिळतो. चार्जमास्टर लाइटसारखी स्वतः पावडर ओतून स्वतःच तोलणारी यंत्रं ०.१ ग्रेनच्या पायरीची असतात, म्हणजे त्याहून बारीक फरक दाखवत नाहीत. शिकारीला आणि दोन-तीनशे यार्डांच्या सरावाला तेवढं पुरतं.

एफएक्स-१२०आयचं तंत्र निराळं आहे. इथे वजनाने काही वाकू द्यायचं नसतं. पारडं खाली जाऊ लागलं की विद्युतचुंबक त्याला तेवढ्याच बळाने मूळ जागी धरून ठेवतो. त्यासाठी किती प्रवाह लागला त्यावरून वजन निघतं. मोठ्या प्रयोगशाळांतल्या तुलाही याच तत्त्वावर चालतात. १२२ ग्रॅमपर्यंत तोलतो, पायरी ०.००१ ग्रॅम, ग्रेनमध्ये ०.०२. पण मला आकड्यापेक्षा वागणूक महत्त्वाची. दाणा पडला की सेकंदाभरात आकडा हलतो. तेच पारडं दहादा उचलून ठेवा, आकडा तोच किंवा शेजारचा. प्रतिसाद फास्ट, मिड, स्लो असा बदलता येतो. मी फास्टवर ठेवते आणि शून्य आपोआप सावरणारी सोय बंद करते. मागे दुसरं यंत्र तारेने जोडायची आरएस-२३२ ही जोडणी आहे, तिला ऑटोट्रिकलर जोडला की दाणे सोडण्याचं कामही यंत्र करतं. मी अजून हातानेच सोडते, मला ते आवडतं.

आता त्याचे लाड. हा काटा नाजूक आहे आणि त्याला जागा नीट दिली नाही तर पैसे वाया जातात. प्रेसच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या दांड्याच्या यंत्राच्या, टेबलावर तो ठेवूच नये, दांडा ओढला की सगळं हादरतं. माझा तळघरात वेगळ्या टेबलावर ग्रॅनाइटच्या जाड तुकड्यावर बसलाय, पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणलेला. सोबत वारा अडवणारा छोटा पारदर्शक आडोसा येतो. तरी हीटिंगचा पंखा सुरू झाला की छतातल्या झरोक्यातून येणारी हवा आकडा नाचवते. तो झरोका मी झाकून टाकला. सगळ्यात जास्त त्रास हिवाळ्यात स्थिर विजेचा. बाहेर उणे वीस अंश, आत हीटरने हवा ठणठणीत कोरडी. प्लास्टिकचं नरसाळं जवळ आणलं तरी आकडा सरकतो. उपाय साधे आहेत: धातूचं पारडं, खोलीत ह्युमिडिफायर, आणि काट्याजवळ लोकरीचा स्वेटर घालून बसायचं नाही. सुरू केल्यावर किमान अर्धा तास त्याला तापू द्यावं. भरणीच्या आठवड्यात मी तो बंदच करत नाही.

पुन्हा अण्णांच्या प्रश्नाकडे. दांडीचा काटा वजनाची वजनाशी तुलना करतो, त्यामुळे तो कुठेही नेला तरी तेच सांगतो. इलेक्ट्रॉनिक काटा पृथ्वी किती ओढते ते मोजतो, आणि ती सगळीकडे सारखी ओढत नाही. कोल्हापुरात जुळवलेला काटा तसाच मिनेसोटात आणला तर १०० ग्रॅमचं वजन सुमारे ०.२ ग्रॅम जास्त दाखवील. ते तीन ग्रेन झाले. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच, वजन ठेवून जुळवायचा. एफएक्समध्ये आपोआप जुळून घेण्याची सोय नाही, ती एफझेड या महागड्या भावंडात आहे. तेव्हा चांगलं वजन वेगळं घ्यावं लागतं. स्वस्त काट्यासोबत अचूकतेच्या कुठल्याही वर्गाचा शिक्का नसलेली वजनं येतात, ती ठेवून द्यावीत. एम१ वर्गाच्या २० ग्रॅम वजनात २.५ मिलिग्रॅमपर्यंत फरक चालतो, एफ१ वर्गात ०.२५ मिलिग्रॅमच. मी एफ१ची दोन घेतली: एक जुळवणीला, एक माझ्या रोजच्या पावडरच्या वजनाजवळचं. दुसरं दर वीस-पंचवीस काडतुसांनी पारड्यावर ठेवते. आकडा बदलला असेल तर मधली सगळी काडतुसं बाजूला जातात. वजन चिमट्याने उचलायचं, बोटाचं तेलसुद्धा मोजलं जातं.

एक गोष्ट मात्र खटकते. मोडचं बटण दाबलं गेलं की एकक बदलतं, आणि पावडर भरताना ग्रॅम-ग्रेनचा घोळ कोणालाच परवडणारा नाही. सेटिंगमध्ये जाऊन नको ती एककं काढून टाकता येतात. काटा घरी आल्यावर पहिलं काम हे करावं. सूचनापुस्तिकेत ते इतकं आत दडलंय की शोधायला वेळ लागतो.

मी सहाशे डॉलरांच्या आसपास दिले, वजनांचे वेगळे. सहाशे यार्डांपलीकडे गुण मोजून खेळत असाल तर घ्या, हे पैसे नव्या दुर्बिणीपेक्षा आधी इथे घाला. नुकती सुरुवात असेल तर दांडीचा चांगला काटा आणि एफ१ची दोन वजनं घ्या, आणि पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातल्या किमान आकड्यापासून वर चढा. मधल्या किमतीच्या, आकडे बारीक पण पट्टी वाकणाऱ्या काट्यांवर मी पुन्हा पैसे घालणार नाही. ५०५ अजून माझ्याकडे आहे. नव्या पावडरच्या पहिल्या दहा भरण्या मी दोन्ही काट्यांवर तोलते, आणि दोघांचं जमलं नाही तर त्या दिवशी भरणी होत नाही.