जुने मोबाईल दान केले आणि ६५,११८ रुपये ८२ पैसे गेले

रविवार, १५ जून २०२५ रोजी सकाळी मी चार जुने मोबाईल, त्यांचे खोके आणि सापडली तेवढी बिले एका तरुणाच्या हाती स्वतःहून दिली आणि वर त्याला घरी नेऊन चहाही पाजला. पुढच्या पाच दिवसांत आमचे ६५,११८ रुपये ८२ पैसे गेले. असल्या टोळ्या कशा चालतात हे वाचकांना मी नव्याने सांगायला नको; ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे मीच आजवर नातेवाइकांना बजावत आलो आहे. मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही आणि एकही लिंक उघडली नाही, म्हणूनच हे लिहिताना जितका राग येतो आहे तितकीच लाजही वाटते आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत आठवडाभर आधी सूचना फलकावर पत्रक लागले होते: वापरात नसलेले मोबाईल द्या, ते दुरुस्त करून गरजू विद्यार्थ्यांना देऊ. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या होत्या, त्यामुळे आवाहन अगदी वेळेवरचे वाटले. पत्रकावर सोसायटीचा शिक्का होता, खाली सेक्रेटरींची सही होती आणि पार्किंगमध्ये टेबल मांडायला परवानगीही समितीनेच दिली होती. त्या दिवशी एकोणीस फोन जमा झाले. आज सेक्रेटरी म्हणतात की शिक्का फक्त टेबलाच्या परवानगीपुरता होता. बाकीच्या घरांतून काय गेले ते कोणी बोलत नाही.

त्या तरुणाशी माझे बोलणे लांबले ते ताईमुळे. माझी थोरली बहीण न्यू जर्सीत राहते. ती ८१ वर्षांची आहे, तिला कमी दिसते आणि काचेवर बोट फिरवून फोन घेणे तिला जमत नाही. घरातला तारेचा फोन तेवढा ती उचलते. दर रविवारी मी स्काइपवर पैसे भरून तिच्या त्या फोनवर बोलत असे. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले आणि तेव्हापासून मी इंटरनेटवरून परदेशातल्या साध्या फोनवर बोलण्याची दुसरी सोय शोधत होतो. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग नव्हता, कारण त्याला दोन्ही बाजूंना अ‍ॅप लागते. हे मी बोलता बोलता सांगून गेलो आणि तो तरुण म्हणाला, "काका, आमचीच सहयोगी संस्था इंटरनेट फोन देते. राउटरला एक डबा जोडायचा, त्याला तुमचा जुना फोन लावायचा आणि ताईंना हवा तेवढा वेळ फोन करायचा. नफा सगळा मुलांच्या शिक्षणाला जातो."

त्याने तिथल्या तिथे आपल्या मोबाईलवरून ताईचा क्रमांक लावला. न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा झाले असतील, पण ताईने तो उचलला. आवाज स्वच्छ होता. ती पहिल्यांदा एवढेच म्हणाली, "अरे, हा कुठला नंबर दिसतोय?" मी म्हटले, नवी सोय केली आहे. एक फोन लागला म्हणजे सेवा खरी ठरत नाही, हे तेव्हा सुचले नाही. तसा फोन त्याला कोणत्याही अ‍ॅपमध्ये दहा रुपये भरून लावता आला असता. आपल्याकडे इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलण्याची सेवा देण्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, आणि २०१८ मध्ये या सेवेबाबत जे स्पष्टीकरण निघाले तेही परवानाधारकांसाठीच होते. एखाद्या धर्मादाय संस्थेच्या 'सहयोगी संस्थे'कडे असा परवाना कुठून येणार? असा फोन विकणाऱ्याला पहिला प्रश्न परवाना कोणाच्या नावावर आहे हा विचारा. दर नंतर विचारा.

मी मात्र दर विचारला. वार्षिक वर्गणी ३,९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७१९ रुपये ८२ पैसे, डब्याची परत मिळणारी अनामत २,५०० रुपये आणि विद्यार्थी निधीला ५०१ रुपये, असे ७,७१९ रुपये ८२ पैसे मी क्यूआर कोडवर भरले. मी ३४ वर्षे एका कारखान्याच्या हिशेब विभागात काढली आहेत. ८२ पैशांपर्यंत हिशेब देणारा माणूस चोर असेल, असे माझ्या मनात आले नाही. घरी येऊन पाहिले तर पावतीवर जीएसटी आकारलेला होता पण जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता, आणि धर्मादाय नोंदणीच्या रकान्यात 'प्रक्रियेत' असे लिहिलेले होते. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे चार फोनांची किंमत ६,००० रुपये धरून तेवढ्या रकमेची प्राप्तिकराच्या कलम ८०जीखाली सवलत मिळेल, असेही त्या पावतीवर छापले होते. वस्तुरूपाने दिलेल्या दानाला ८०जीची सवलत नसते, हे मी दरवर्षी मार्चमध्ये कामगारांना समजावून सांगत असे. ती ओळ मी वाचली, चूक ओळखली आणि मनाशी म्हटले की समाजकार्य करणाऱ्या पोरांना कर काय कळणार.

पण मी फसलो ती खरी जागा ही नव्हती. खरी जागा टेबलावरच होती आणि गेले पाच महिने मी रोज रात्री तिथेच जाऊन उभा राहतो. सिमकार्डे मी काढली होती, किंवा काढली असे मला वाटत होते. फोन पुसून देऊ का, असेही मी विचारले होते. तो म्हणाला, "काका, घरी रिसेट केलेल्या फोनमधून डेटा परत काढता येतो. आमच्याकडे तो यंत्रावर पुसतात आणि तसे प्रमाणपत्र देतात." मग त्याने पिवळ्या चिकट कागदांची एक चळत पुढे सरकवली. प्रत्येक कागदावर नऊ ठिपके आधीच छापलेले होते. फोन मुलांच्या हातात गेल्यावर लॉक उघडत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते, तेवढा पॅटर्न काढून द्या, असे तो म्हणाला. मी खिशातले बॉलपेन काढले आणि पत्नीच्या फोनचा पॅटर्न, वरच्या डाव्या ठिपक्यापासून खालच्या उजव्या ठिपक्यापर्यंत, इंग्रजी झेडसारखा काढला. तिसऱ्या रेघेला पेनातली शाई अडली, तर मी ती रेघ पुन्हा गिरवून ठळक केली. जो फोन पुसायचाच आहे त्याचा पॅटर्न कशाला हवा, हा चौथीतल्या मुलाला पडेल असा प्रश्न मला पडला नाही. मागे रांग होती, लोक माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि मला ते आवडत होते. एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे.

पत्नीचा तो फोन २०१५ चा, पाठीचे झाकण निघणारा. त्यात एक सिम वरच्या खाचेत होते आणि दुसरे बॅटरीखाली. मी वरचे काढले आणि बॅटरी उचललीच नाही. खालचे सिम तिच्या जुन्या क्रमांकाचे होते. तो क्रमांक मुलाच्या फॅमिली पोस्टपेड प्लॅनमध्ये असल्यामुळे बिल बंगळुरूहून भरले जात होते आणि क्रमांक जिवंत होता. तिच्या बचत खात्याला तोच जोडलेला होता, आणि नवा फोन घेतल्यावर बँकेत तो बदलायचा राहून गेला होता. फोटोंमध्ये तिच्या डेबिट कार्डाच्या दोन्ही बाजू होत्या, कारण दोन वर्षांपूर्वी मुलाला पाठवायला तिने त्या काढल्या होत्या. जिवंत सिम, कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि कार्डाची मुदत हातात आल्यावर यूपीआयचा नवा पिन बसवायला आणखी कशाची गरज राहिली नाही. ओटीपी मला विचारण्याची त्यांना गरजच नव्हती. तो त्यांच्या हातातल्याच फोनवर येत होता. फोन देण्याआधी बॅटरी काढून खाली पाहा. मेमरी कार्ड काढा. रिसेट स्वतः करा आणि खोका आपल्या कपाटात राहू द्या.

शुक्रवारी, २० तारखेला, पत्नी पासबुक भरून आणायला बँकेत गेली. यंत्राने करकरत पान ओढून घेतले आणि चार नवीन ओळी छापून बाहेर ढकलले: १६ जून, ४,९०० रुपये, १७ जून, २४,००० रुपये, १८ जून, १८,५०० रुपये, १९ जून, ९,९९९ रुपये. एकूण ५७,३९९ रुपये. पहिल्या दिवशी फक्त ४,९०० का, याचे उत्तर मला नंतर मिळाले: नव्या उपकरणावर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांची मर्यादा असते. म्हणजे सोमवारी आम्हाला कळले असते तर बाकीचे ५२,४९९ रुपये वाचले असते. डबा तोवर कुरिअरने आला होता. त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, पण फोन उचलला की त्यात काहीच ऐकू येत नव्हते. तो दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या सेवेला बांधलेला जुना अ‍ॅडॉप्टर निघाला.

त्या दिवशी पालख्या पुण्यात मुक्कामी येत होत्या. रस्ते बंद, पोलीस बंदोबस्तावर, हे मला समजते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पालख्या रविवारी पुढे गेल्यावरही ठाण्यातले उत्तर बदलले नाही. पहिल्या अधिकाऱ्यांनी विचारले, फोन चोरीला गेला का? मी म्हटले, नाही, दान दिला. मग चोरीची नोंद कशी करणार? पैसे गेले त्याचे काय, तर त्यासाठी दुसऱ्या कार्यालयात जा. दुसऱ्या कार्यालयात सांगितले की रक्कम लहान आहे, आधी आपल्या हद्दीतच द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता घेतली पाहिजे, हे मी कागदावर लिहून नेले होते. त्यांनी ते वाचले, "काका, तुम्ही वकील आहात का?" असे विचारले आणि माझ्या अर्जावर आवक शिक्का मारून दिला. शिक्का मारलेला अर्ज म्हणजे गुन्हा नोंदवला असे नव्हे. घरी जाताना बसमध्ये मला ते कळले. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो फोन बंद पाडायचा तर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लागतो. तक्रार पोलीस घेत नव्हते, आणि आयएमईआय ज्या खोक्यावर व बिलावर होता ते मीच देऊन बसलो होतो. तो पंधरा आकडी क्रमांक *#०६# दाबून आजच वहीत उतरवून ठेवा, आणि पैसे गेले की ठाण्याची पायरी चढण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा. मी तो शुक्रवारी दुपारी अडीचला लावला, म्हणून शेवटचे ९,९९९ रुपये तरी पुढच्या खात्यात गोठवले गेले.

बँकेचा मासला तर जपून ठेवण्यासारखा आहे. तेव्हा लागू असलेल्या, ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही, चार ते सात दिवसांत कळवला तर त्याची जबाबदारी मर्यादित राहते, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणे हे बँकेचे काम आहे. शाखेने लेखी कळवले की प्रत्येक व्यवहाराचा संदेश नोंदणीकृत क्रमांकावर वेळेत पाठवण्यात आला होता. नोंदणीकृत क्रमांक चोराच्या हातात होता! म्हणजे चोराला वेळेत कळवले, म्हणून आम्हाला उशीर झाला. पुढे असेही लिहिले की पॅटर्न ग्राहकाने स्वखुशीने उघड केल्यामुळे हा निष्काळजीपणा आहे. पॅटर्न फोनचा होता, खात्याचा नव्हता. आणि तो काढून दिला मी, खाते पत्नीचे. हा फरक शाखेतल्या तीन टेबलांवर सांगून झाला. तीस दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल केली आहे. तिला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

फोनच का हवे होते, याचा मला उलगडा होत नव्हता, कारण चार जुन्या फोनांचे बाजारात दोन हजारही येत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने कोंढव्यात अनधिकृत टेलिफोन एक्स्चेंज पकडले होते, ते तेव्हा मला आठवले. परदेशातून इंटरनेटवर आलेला फोन अशा ठिकाणी सिम बॉक्समधून, म्हणजे एकाच वेळी अनेक सिमकार्डे चालवणाऱ्या यंत्रातून, इथल्या साध्या क्रमांकावरून आल्यासारखा दाखवतात, आणि त्यासाठी जिवंत सिमकार्डांचे गठ्ठे लागतात. आमचे सिम कुठे फिरते आहे, हे त्या दिवसापासून मनातून जात नाही. मुलाने ते २० तारखेलाच बंद केले. तरीही आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते संचार साथीवर तपासा. मी तपासले तेव्हा माझ्या नावावर माझ्या माहितीत नसलेला एक क्रमांक निघाला आणि तो मी बंद करवला.

दान देऊ नका असे मी म्हणणार नाही. पण संस्थेचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधल्याशिवाय देऊ नका, आणि फोनच्या बदल्यात कोणी दुसरे काही विकायला लागला तर चहा न पाजता परत पाठवा. ताईशी मी आता मोबाईल कंपनीचे आयएसडी पॅक घेऊन महिन्यातून दोनदा बोलतो. पैसे गेल्याचे तिला सांगितलेले नाही.

गोठवलेल्या ९,९९९ रुपयांसाठी मागच्या आठवड्यात पुन्हा विचारणा केली. न्यायालयाचा आदेश आणा, मग सोडू, असे उत्तर आले. ओळखीच्या वकिलांनी त्या अर्जाची फी ८,००० रुपये सांगितली. अर्ज मी स्वतःच लिहायला घेतला आहे.