ठाणे–वाशी लोकल आणि किंडलवरची विज्ञानकथा मासिकं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाच हजार शब्दांची इंग्रजी कथा वाचायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात आणि ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशी जवळपास अर्ध्या तासावर. म्हणून आठ महिन्यांनंतर मासिक निवडायची कसोटी एकच उरली आहे: अंकाच्या फाइलमध्ये प्रत्येक कथा स्वतंत्र प्रकरण आहे का? असेल तर किंडलच्या (ॲमेझॉनच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्राच्या) 'टाइम लेफ्ट इन चॅप्टर'मध्ये त्याच कथेची उरलेली मिनिटं दिसतात आणि घणसोलीला नवी कथा उघडावी की नाही ते लगेच ठरवता येतं. नसेल तर अख्ख्या अंकाचे तास दिसतात, त्यांचा काही उपयोग नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली. त्यामुळे जुन्या लेखांत दिलेला 'न्यूजस्टँड'चा (किंडलच्या मासिक-दुकानाचा) रस्ता शोधत बसू नका. अंक मासिकाच्या स्वतःच्या साइटवरून ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपात घ्यावा. क्लार्क्सवर्ल्ड (२००६ पासून, मासिक) आणि लाइटस्पीड (२०१० पासून) यांच्या कथा साइटवर फुकट वाचता येतात. पैसे मोजायचे ते सबंध अंक एका फाइलमध्ये मिळावा म्हणून. तिसरं अंकॅनी, ते द्वैमासिक आहे. त्याचा अर्धा अंक साइटवर दुसऱ्या महिन्यात येतो, ईपब घेणाऱ्याला मात्र तो पूर्ण आणि आधी मिळतो. तिन्हींतून एकच घ्यायचं तर क्लार्क्सवर्ल्ड: भाषांतरित कथा तिथे सातत्याने येतात आणि पाच हजारांच्या आसपासच्या कथाही भरपूर असतात.

पैसे भरताना कार्ड दोन कारणांनी अडतं. आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुतेक कार्डांवर मुळातच बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ते केल्यावरही दरमहा आपोआप पैसे कापणारी वर्गणी ऑटो-डेबिटच्या नियमांमुळे मध्येच फेल होऊ शकते. त्यापेक्षा वर्षाची वर्गणी एकदम भरावी किंवा सुटे अंक घ्यावेत. साइटवरच्या किमतीवर बँकेचा परकीय चलन मार्कअप (जादा आकार) लागतो, तोही धरून चाला.

फाइल किंडलवर न्यायला ॲमेझॉनची 'सेंड टू किंडल' सोय पुरेशी आहे. मेलने ५० एमबीपर्यंत, वेब पानावरून २०० एमबीपर्यंत. मेलने पाठवत असाल तर तुमचा मेल पत्ता आधी ॲमेझॉन खात्यातल्या मान्य यादीत टाका, नाहीतर फाइल पोचत नाही. मोबी हे किंडलचं जुनं स्वरूप आता पाठवू नका, ईपबच पाठवा. ई९९९ अशी त्रुटी आली तर बहुतेक वेळा दोष फाइलच्या बांधणीत असतो. कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या संगणक प्रोग्रॅममध्ये ती ईपबमधून पुन्हा ईपबमध्येच कन्व्हर्ट केली की बहुधा पोचते. अवतरणचिन्हांच्या जागी कचरा दिसला तर फाइलमध्ये यूटीएफ-८ ची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) नोंद नाही, त्यावरही हाच उपाय. त्याच वेळी शीर्षक 'क्लार्क्सवर्ल्ड २०२५-०४' असं बदलून घ्या, म्हणजे अंक क्रमाने लागतात.

जुन्या अंकांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग ही मोफत ई-पुस्तकांची साइट उत्तम. अस्टाउंडिंग या जुन्या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाचे जानेवारी १९३० पासूनचे सुरुवातीचे अंक तिथे नीट तपासलेल्या मजकुरासह, फुकट आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर गॅलक्सी या तशाच दुसऱ्या मासिकाचे स्कॅन आहेत, पण तिथला आपोआप बनलेला ईपब घेऊ नका: ओसीआरच्या (चित्रातून अक्षरं ओळखताना झालेल्या) चुका आणि वाक्याच्या मधोमध पानाचे आकडे येतात. पीडीएफ घ्या आणि के२पीडीएफऑप्ट या पानं छोट्या पडद्याजोगी करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. तो दोन रकाने कापून एकाखाली एक लावतो, त्यामुळे सहा इंची पडद्यावर अक्षर वाचण्याजोगं होतं. फाइल मात्र फुगते, म्हणून ती यूएसबीने टाकलेली बरी.

मराठीच्या बाबतीत अजून मन खट्टू होतं. आपल्याकडे विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांत येते आणि त्यांच्या पीडीएफ पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतात. त्या कन्व्हर्ट केल्या की 'आकाश'च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. मजकूर मुळात देवनागरी म्हणून साठवलेलाच नसतो, त्यामुळे कॅलिबरची कुठलीही सेटिंग इथे कामी येत नाही. इथेही के२पीडीएफऑप्टच चालतो, कारण तो अक्षरं वाचत नाही, पानाचं चित्र कापतो. ॲपमध्येच उघडणारे मराठी ई-अंक किंडलवर जातच नाहीत. छापील अंक हवे असतील तर १८९३ पासून चालू असलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा.

पावसाळ्यात एवढं सांभाळा: पडद्यावर थेंब पडले की पानं आपोआप उलटतात. पेपरव्हाइट पाणी सोसतो, साधा किंडल नाही. झिप असलेल्या पारदर्शक पिशवीतूनही स्पर्श लागतो, तेवढी पिशवी जूनपासून बॅगेत ठेवा.