क्लच ठेवायचा की सोडायचा?

मागच्या महिन्यात कोथरूडहून हिंजवडीला जाताना, क्लच किती वेळा दाबतो ते सहज मोजायला घेतलं. बालेवाडीच्या आधीच शंभर झाले, वाकडच्या पुलाखाली मोजणं सोडून दिलं. मी पक्का मॅन्युअलवाला. थर्डवरून सेकंडला येत, इंजिनाचा आवाज ऐकत वळण घ्यायला रविवारी पहाटे ताम्हिणी गाठणारा. पण त्या दिवशी डाव्या गुडघ्याचं मत वेगळं पडलं.

तेव्हापासून 'मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक' असं कुणी विचारलं, की मी आधी रोजचा रस्ता विचारतो. बजेट नंतर.

साताऱ्यात किंवा सांगलीत राहता, ऑफिस चार किलोमीटरवर, महिन्यातून एखादी हायवेची चक्कर? मॅन्युअल घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर टाका. क्लच प्लेट गेली तर तालुक्याचा मेकॅनिकही बदलून देतो. एकदा कोयनानगरला भल्या सकाळी माझी बॅटरी उतरली. टपरीवरच्या चौघांनी धक्का दिला, सेकंड टाकून क्लच सोडला, गाडी चालू. ऑटोमॅटिक असती तर जंपर केबल कुणाकडे आहे ते विचारत फिरलो असतो.

रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये जात असेल तर मात्र हौस गुंडाळून ठेवा आणि ऑटोमॅटिक घ्या. खरा घोळ इथून पुढे आहे, कारण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली शोरूममध्ये चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

सर्वांत स्वस्त एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून ती आपल्याकडे आली आणि छोट्या गाड्यांत पसरली. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून ॲव्हरेज जवळपास मॅन्युअलइतकं मिळतं आणि छोट्या गाडीत फरक साधारण पन्नास हजारांच्या आसपास असतो. पण म्हणूनच गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि मागे बसलेल्यांच्या माना डुलतात. यावर उपाय सोपा आहे. गिअर बदलणार असं वाटलं, की ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करायचा. आठवड्याभरात पायाला कळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. क्लच दिसत नसला तरी तो आहे, आणि असा जळतोही.

सीव्हीटीत, म्हणजे कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशनमध्ये, गिअरच नसतात. दोन पुली, मध्ये स्टीलचा पट्टा, पुलींचा व्यास सतत बदलत राहतो. सिग्नल ते सिग्नल जायला याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही. आई-वडिलांना घेऊन हळूहळू जाणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी. मात्र खंबाटकीच्या चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबलात, की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागाहून येतो. मला ते सहन होत नाही. बायकोला त्याचं काहीच वाटत नाही. तिचंच बरोबर असेल. किंमत एएमटीपेक्षा बरीच वर जाते.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, भरवशाचा प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी तेल असतं, त्यामुळे झटका जाणवत नाही आणि चढावरही गाडी शांत राहते. पेट्रोल थोडं जास्त पिते. बजेट असेल तर माझं मत यालाच. चौथा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने काम करणारा, चालवायला सर्वांत मजेदार, गिअर कधी पडला कळत नाही. पण त्यातला ड्राय (तेलात न बुडवलेल्या) क्लचवाला प्रकार मुंगीच्या वेगाच्या ट्रॅफिकमध्ये तापतो, म्हणून हिंजवडीकराने घेण्याआधी क्लच ड्राय की वेट, एवढं विचारावंच.

कुठलीही घेतलीत तरी आंबेनळीसारखा घाट उतरताना गाडी डीमध्ये (ड्राइव्ह) टाकून नुसत्या ब्रेकवर सोडू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. त्यासाठीच, खालचा गिअर धरून ठेवायला, गिअरच्या दांड्यावर एम, एल किंवा एस असं काहीतरी दिलेलं असतं. ते न वापरणाऱ्यांच्या ब्रेकचा वास पोलादपूरपर्यंत येतो.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले रुंद, सपाट रस्त्यावर नेऊन आणतात. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही संध्याकाळी सहाची वेळ मागा. आणि सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर अर्ध्यात गाडी थांबवा, ब्रेक सोडा, मग निघा. मागे घरंगळते का, झटका देते का, ते तिथेच कळेल. तोच रॅम्प रिव्हर्समध्येही चढून बघा. विक्रेता शेजारी बसून अस्वस्थ झाला तरी हरकत नाही.